रोजनिशीतलं थालीपीठ

"मॅडम, डायरीचं नाव काढलं की याचं पोट दुखायला लागतं."

पहिलीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईनं पिशवीतून दुरेघी वही काढून माझ्यापुढे ठेवली. महिनाभर रोज पाच ओळी, असा घरचा नियम. वहीत मुलाच्या पेन्सिलीपेक्षा आईचं लाल पेनच जास्त दिसत होतं.

एका पानावर होतं, 'अज अजन थलपठ कल'. खाली एक मोठा गोल आणि त्यात पाच ठिपके. आईनं सगळे काने-मात्रे भरून शेजारी लिहिलं होतं, 'तीनदा लिही'.

"मला वाचून दाखवतोस?" मी मुलाला विचारलं. त्यानं शब्दांवर बोट ठेवत न अडखळता वाचलं, "आज आजीनं थालीपीठ केलं."

"आणि हे बटण कशाला काढलंस?" आई म्हणाली.

"बटण नाही गं! तेल सोडायची भोकं आहेत ती."

एक मधे, चार कडेनं. आजीच्या शेजारी तव्याजवळ उभं राहून नीट पाहिलेलं पोरच असं काढतं. आणि त्या भोकांबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आईंचा प्रश्न बहुतेक पालक विचारतात तोच होता. "चुका तशाच सोडल्या तर पक्क्या नाही का होणार?"

या वयात ती भीती नको. 'थलपठ' पुन्हा पाहा. थ, ल, प, ठ ही चारही अक्षरं जागच्या जागी आहेत. थ आणि ठ यांतला फरकसुद्धा त्याच्या कानानं बरोबर टिपलाय. सहाव्या वर्षी मुलं ऐकू येईल तसं लिहितात. आधी ठळक व्यंजनं उमटतात, वेलांट्या-मात्रा वाचन वाढेल तशा मागून येतात. शुद्धलेखन शिकवायचंच, पण वेगळ्या वेळी, वेगळ्या वहीत. दुसरी संपत आली तरी अक्षरं आणि आवाज यांची जोडी जुळत नसेल, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

मी त्यांना कोरी, बिनरेघी वही घ्यायला सांगितलं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. आधी चित्र, लेव व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी तर चित्राला लेखनाचीच आधीची पायरी मानलं होतं. हात दुखला तर तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा. आणि दुरुस्ती करण्याऐवजी खाली उत्तर लिहा, 'माझ्यासाठी थालीपीठ ठेवलंस का?' बरोबर शब्द त्याच्या नजरेखालून आपोआप जातो.

"म्हणजे मीही लिहायचं?" त्यांनी विचारलं. हो, तुम्हीही.

दीड महिन्यानं त्या नवी वही घेऊन आल्या. मुलानं विचारलं होतं, 'आई तुज अवडत भजी कंती'. आईनं खाली लिहिलं होतं, 'माझी आवडती भाजी शेपू.' त्याच्याखाली अर्धं पान भरून एकच अक्षर होतं, 'शी'. वेलांटी दीर्घ, अगदी बरोबर.