सांगलीहून आईबाबा येतायत, बलून राइडला 796 पाउंड घालू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई इंग्लंडमधल्या स्विंडनला राहतात, नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगा चार वर्षांचा. 20 जूनला सांगलीहून त्यांचे आईबाबा येतायत, 25 ऑगस्टला परत जाणार. लग्नाला 40 वर्षं होतायत म्हणून सरप्राइज द्यायचंय, बाथ शहरावरून हॉट एअर बलून. चार जणांची कधीही वापरता येणारी व्हाउचर्स 796 पाउंडांना, फक्त वीकडेच्या सकाळची घेतली तर 596, आणि ऑफर रविवारी रात्री संपते. बचत 7,400 पाउंड, क्रेडिट कार्डावर 1,150 थकलेत 24 टक्क्यांनी, महिन्याला 350 शिल्लक पडतात, घरखर्च 3,400 आणि 14 महिन्यांनी तिघांचा आयएलआरचा (इथे कायम राहायच्या परवानगीचा) अर्ज. विचारलंय, "परवडेल का, आणि परवडत असेल तर रविवारच्या आत घेऊन टाकू का?"

ताई, आधी रविवारचं मिटवू. ती ऑफर रविवारी संपेल आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाने परत येईल, मग फादर्स डेला, मग ब्लॅक फ्रायडेला, मग ख्रिसमसला. मी ब्रिस्टलला राहून इतकी वर्षं बघतोय, त्यामुळे त्या घड्याळाकडे बघून काहीही करू नका.

आता 'परवडेल का'. खात्यात 7,400 आहेत म्हटल्यावर 796 परवडणारच, पण ते 7,400 तुमचे आहेत कुठे? आयएलआरची फी माणशी तीन हजार पाउंडांच्या वर गेलीय, तिघांचे नऊ हजारांच्या वर, त्यात टेस्ट वगैरे धरून मी साडेनऊ धरतो (किती वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो ती मुदत वाढली तर चित्र बदलेल, पण फी कमी होईल अशी आशा धरून कोणी प्लॅनिंग करू नये). आज कार्डाचे 1,150 भरून टाकले तर राहिले 6,250, त्यात 14 महिन्यांचे 350 प्रमाणे 4,900 आले म्हणजे 11,150, त्यातून साडेनऊ हजार गेले की हातात 1,650. तुमचा महिन्याचा खर्च 3,400. म्हणजे दोघांचे पगार थांबले तर पंधरा दिवसांची सोय, आणि त्यातून 796 काढले तर आठवडाभराची. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, फक्त हे पैसे 7,400 मधून नाही तर त्या 1,650 मधून जातायत एवढं डोळ्यासमोर असू दे.

आणि ते कार्ड आजच्या आज भरा. प्रश्नात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय पण मला बलूनपेक्षा त्याचीच जास्त चिंता वाटली. 24 टक्क्यांनी 1,150 म्हणजे महिन्याला 23 पाउंड, वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास, आणि दुसरीकडे सेव्हिंग्जमध्ये पैसे पडून. दरवर्षी एका माणसाची बलून राइड आणि वर जेवण बँकेला देताय तुम्ही.

बरं, आता मुख्य मुद्दा, आणि हा बहुतेकांच्या लक्षात राइड बुक केल्यावरच येतो. व्हाउचर म्हणजे राइड नाही. व्हाउचर म्हणजे इंग्लंडच्या हवेने परवानगी दिली तर राइड. जमिनीलगत वारा आठ-दहा नॉट्सच्या (ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या) वर गेला की नाही, पाऊस असला की नाही, धुकं असलं की नाही, आसपास गडगडाट असला तर अजिबातच नाही. आणि दिवसभर तर उडतच नाहीत, कारण ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर यायला लागतात आणि बलून उतरवणं अवघड होतं, म्हणून उजाडल्याबरोबर नाहीतर सूर्यास्ताच्या आधीचे दोन तास. सीझन साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर.

मी स्वतः बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दोन व्हाउचर्स घेतली होती, ख्रिसमसच्या सेलमध्येच, तेव्हा काय मला पण कळत नव्हतं. मेमधली पहिली तारीख पावसाने गेली, दुसरी वाऱ्याने. तिसऱ्या वेळी चक्क मैदानात पोचलो, जाकिटं घालून सगळे उभे, पायलटने खिशातून एक छोटा काळा फुगा काढून हवेत सोडला, तो सरळ वर जायच्या ऐवजी तिरका होऊन झाडांवरून सुसाट गेला, पायलटने त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. फिश अँड चिप्स खाऊन घरी. शेवटी सहाव्या वेळी सप्टेंबरात उडालो. प्रत्येक खेपेचं पेट्रोल, बेबीसिटर, आणि एकदा बायकोची हाफ डे, हे धरलं तर व्हाउचरच्या वर अजून निम्मे पैसे गेले असतील.

पण मी इथेच राहतो म्हणून सहा वेळा जाऊ शकलो. तुमचे आईबाबा 25 ऑगस्टला विमानात बसणार म्हणजे बसणार. नऊ वीकेंड आहेत, त्यात स्कॉटलंड आलं, लंडन आलं, तुमच्या बर्मिंगहॅमच्या नातेवाइकांकडचा मुक्काम आला, उरले चार-पाच, त्यात उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि चार जागा एकत्र मिळणं तर आणखी कठीण. समजा तीन तारखा मिळाल्या. प्रत्येक वेळी उडायची शक्यता निम्मी धरली, तरी आठातून एकदा तिन्ही वेळा रिकामे परत. एक तृतीयांश धरली तर दहातून तीनदा. हे माझे अंदाज आहेत, पण कंपनीच्या माणसाला फोन करून विचारा, तो पण छातीठोक सांगणार नाही. 596 वाली वीकडेची तर सोडूनच द्या, जूनच्या शेवटी सूर्य पाचच्या आधी उगवतो, म्हणजे स्विंडनहून साडेतीन-चारला निघा, रद्द झालं तर परत या आणि नऊला लॅपटॉप उघडा, दोनदा असं झालं की सुट्ट्या टाकाल आणि वाचवलेले दोनशे पाउंड तिथेच गेले.

आता आई. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की आईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. बास्केट म्हणजे वेताची उंच टोपली, भिंत छातीपर्यंत येते, दार नसतं, बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला खाचा असतात, त्यात पाय अडकवून वर चढायचं आणि आत उतरायचं. आत बसायला काही नाही, तासभर उभं. आणि उतरताना पायलट सांगतो तसं प्रवासाच्या दिशेला पाठ करून, गुडघे वाकवून, दोरीचे हँडल घट्ट धरून थांबायचं, कारण टोपली जमिनीवर एक-दोनदा आपटते आणि वारा असेल तर आडवी होऊन थोडी फरफटत पण जाते. आमची झाली होती आडवी. आम्ही सगळे पाठीवर, पाय वर, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात, आणि सगळे हसतायत, मजा आली, पण माझे गुडघे ओरिजिनल आहेत. 1784 साली लुनार्डी नावाचा इटालियन लंडनहून हायड्रोजनच्या फुग्यातून उडाला तेव्हा बरोबर मांजर, कुत्रा आणि कबुतर नेलं होतं, त्यातल्या मांजरीला थंडी सोसेना म्हणून त्याने वाटेत हर्टफर्डशरमध्ये खाली उतरून तिला सोडलं. तुमच्या आईंना तशी सोय नाही. बहुतेक कंपन्या बुकिंगच्या वेळी सांधे बदललेत का, अलीकडे ऑपरेशन झालंय का हे विचारतातच, आणि सरप्राइज आहे म्हणून तुम्ही ते लपवून बुक कराल तर नंतर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

इन्शुरन्सवरून आठवलं, आणि हा खरा पैशाचा धोका आहे. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार, म्हणजे तुमच्यासारखा हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर सरकारी उपचारांसाठी भरायचे पैसे) त्यांनी भरलेला नाही. ए अँड ईमध्ये (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) तपासलं तर फुकट, पण ॲडमिट केलं की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, परदेशी पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या 150 टक्के बिल लावतं. घोट्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं तर 796 हा आकडा तुम्हाला आठवणार पण नाही. त्यांची ट्रॅव्हल पॉलिसी काढताना दोन गोष्टी शब्दशः बघा, बलूनमध्ये प्रवासी म्हणून बसणं कव्हर आहे का (पुष्कळ पॉलिशा ते अॅडव्हेंचरमध्ये टाकून वगळतात), आणि आधीचा गुडघा, बीपी वगैरे सांगून लिहून घेतलंय का. एजंट "हो हो सगळं आहे" म्हणाला तर ते चालणार नाही, पॉलिसीचं पान दाखव म्हणावं.

आणि एक विचारायचं राहिलंच, चौघं वर गेलात तर मुलगा कोणाकडे? बहुतेक ठिकाणी सहा-सात वर्षांच्या खालच्या मुलांना घेतच नाहीत, काही ठिकाणी तर उंची पण बघतात. जुलैतली संध्याकाळची फ्लाइट म्हणजे सातच्या सुमाराला वर, तासभर हवेत, मग बलून गुंडाळायचा, शॅम्पेनचा ग्लास, लँड रोव्हरमधून परत, घरी यायला अकरा.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. चार नाही, दोन घ्या. तुम्ही लिहिलंय की बाबांनी व्हॉट्सअॅपवर एकदा बलूनचा फोटो बघून "हे असं वरून बघायला पाहिजे" म्हटलं होतं, आईंबद्दल तसं काहीच लिहिलेलं नाही. तर बाबा आणि लेक वर जा. दोन जागा चारपेक्षा लवकर मिळतात, खर्च 398, गुडघ्याचा प्रश्न नाही, मुलाचा प्रश्न नाही, जावई आणि आजी त्याला घेऊन खाली मैदानात. बाथला पुष्कळदा रॉयल व्हिक्टोरिया पार्कमधूनच बलून सुटतात, गवतावर कापड पसरून पंख्याने हवा भरतात, मग बर्नर पेटतो आणि तो झोपलेला डोलारा हळूहळू उठून उभा राहतो, पोराला तर तेवढंच पुरे होईल. वर गेल्यावर रॉयल क्रेसेंटची ती अर्धचंद्राची इमारत पायाखाली, पुढे वारा नेईल तिकडे. वर वारा लागत नाही कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो, बर्नर बंद झाला की खालच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं. आमच्या वेळी एक बाई गाऊनवर मागच्या अंगणात चहाचा मग घेऊन उभी होती, तिने मग उंचावून आम्हाला चिअर्स केलं, मला त्या राइडमधलं तेच सगळ्यात स्पष्ट आठवतं.

दोन घेण्याचं अजून एक कारण म्हणजे समजा 25 ऑगस्टपर्यंत हवेने साथ दिली नाही, तर ती व्हाउचर्स तुम्ही नवरा-बायको सप्टेंबरात वापराल, पैसे बुडणार नाहीत. पण त्यासाठी घेण्याच्या आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या की नाव बदलता येतं का, मुदत किती महिन्यांची आणि वाढवायचे पैसे पडतात का, आणि हवेमुळे रद्द झालं तर रिफंड मिळतो की फक्त दुसरी तारीख. वजन पण विचारतात, नाव बदललं की तेही नवीन कळवायचं.

पैसे देताना कार्ड आधी शून्यावर आणून मग त्याच क्रेडिट कार्डाने द्या आणि पुढचं बिल पूर्ण भरा. कारण 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम 75, वस्तूची किंमत 100 पाउंडांच्या वर आणि 30,000 पर्यंत असली तर विकणाऱ्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. इथे एका व्हाउचरचे 199 आहेत म्हणजे बसतं. पण व्हाउचर ते गिफ्टवाल्या साइटवरून न घेता थेट बलून कंपनीकडून घ्या. मध्ये तिसरा आला की तुम्ही पैसे दिले एकाला आणि उडवणार दुसरा, ती साखळी तुटली की कलम 75 वरून वाद होतो. आणि कंपनी बुडाली तर व्हाउचरवाले रांगेत सगळ्यात मागे उभे राहतात. ते तीन हप्त्यांचं 'आत्ता घ्या नंतर द्या' पण नको, तिथे हे संरक्षण गृहीत धरू नका.

सरप्राइजचा नाद मात्र सोडा. बाबांना फोन करून सरळ विचारा. पाउंडाला 115 धरले तर 796 चे एक्क्याण्णव हजार होतात, आणि बाबा वर गेल्यावर डोंगर बघायच्या ऐवजी मनातल्या मनात हाच गुणाकार करत बसतील, एवढ्या पैशात विहिरीवरची मोटर आणि पाइपलाइन दोन्ही झालं असतं म्हणून. 398 सांगितलेत तर थोडा कमी वेळ करतील.

आणि आईंसाठी, चाळिसाव्याचं दोघांचं मिळून काहीतरी हवंय म्हणालात तर ऑगस्टमध्ये आमच्याकडे या. ब्रिस्टलचा बलून फिएस्टा, म्हणजे बलूनची जत्राच, 1979 पासून ॲश्टन कोर्टच्या मैदानात भरतो, साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या वीकेंडला, यंदाच्या तारखा आणि पार्किंगचे पैसे साइटवर बघून घ्या. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास हवा बरी असेल तर बलूनच्या बलून एकामागून एक वर जातात, रात्री जमिनीवर बांधलेले बलून गाण्याच्या तालावर पेटवतात. तिथेही वारा आला की रद्द होतं, पण तुमचे व्हाउचरचे पैसे अडकत नाहीत. घडीची खुर्ची आईंसाठी आठवणीने आणा, उतारावर पहाटे गवत ओलं असतं, सतरंजीवर बसलं की पाच मिनिटांत साडीला पाणी लागतं.