विषाणूतले ‘विष’ मुळात पाणी आहे

प्रश्न असा आहे : ‘विषाणू काही विष सोडत नाही, मग हा शब्दच चुकीचा नाही का? आणि विषाणू “मेला” म्हणावे की “निष्क्रिय झाला”?’

उत्तराआधी एक वाक्य निकालात काढतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटले आहेत : ‘साबणाने विषाणूचे कवच विरघळते.’ नाही विरघळत. कवच आणि आवरण हे दोन वेगळे भाग आहेत. विषाणूच्या पोटात डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकाच प्रकारचा जनुकीय मजकूर असतो. त्याभोवती प्रथिनाचे तेच ते तुकडे एकमेकांत बसून जी पेटी तयार होते, ते कवच. कवच जवळपास प्रत्येक विषाणूला असते, आवरण मात्र काहींनाच. पेशीतून बाहेर पडताना हे विषाणू पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती लपेटून नेतात. तो दुपदरी मेदाचा असतो आणि त्यात विषाणूचे स्वतःचे काटे रोवलेले असतात. साबण फाडतो तो हा मेदाचा पदर. पदर फाटला की काटे सुटतात आणि काट्यांविना पेशीला चिकटता येत नाही. इन्फ्लूएन्झा आणि कोरोना या जातीचे. पोलिओच्या किंवा उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरो विषाणूला आवरणच नाही. म्हणून नोरोवर अल्कोहोलचे सॅनिटायझर तोकडे पडते. तिथे साबण लावून हात चोळून धुवायचे ते विषाणू अंगावरून वाहून जावा म्हणून. एक शब्द चुकला की उपायही चुकतो, तो असा.

‘विषाणूचे जीवाणू’ आणि ‘अँटिबायोटिकने विषाणू मारला’ या चुकीच्या प्रयोगांवर फार वेळ घालवत नाही. जीवाणू ही पूर्ण पेशी असते. पेनिसिलिन तिची भित्तिका बांधू देत नाही. विषाणूला भित्तिका नाही आणि प्रथिने बनवणारे रायबोसोमही नाहीत. औषधाने हल्ला करायचा कशावर?

आता ‘विष’. विषाणू विष ओतत नाही ही तक्रार बव्हंशी खरी आहे (रोटा विषाणूचे एक प्रथिन आतड्यात विषासारखे वागते, एवढा अपवाद लक्षात ठेवावा). पण त्यावरून शब्द चुकीचा ठरवणारे ‘विष’ म्हणजे फक्त जहर असे गृहीत धरतात. वैदिक शब्दांच्या ‘निघंटु’ या यादीत पाण्याची शंभरावर नावे दिली आहेत आणि त्यांत ‘विष’ हे एक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या केशी सूक्तात (१०.१३६) केशी, म्हणजे लांब केसांचा, ‘विष’ धारण करतो; ‘निरुक्त’ या ग्रंथात वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा यास्क तिथे सरळ पाणी असाच अर्थ घेतो. पुढे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दिलेल्या एका श्लोकात ढगरूपी सापाचे विष येते. तिथे विष म्हणजे पाऊसही आणि जहरही, आणि श्लोकाची सगळी गंमत त्या दुहेरी अर्थात आहे.

‘व्हायरस’ ज्यापासून आला त्या लॅटिन ‘वीरुस’ची गोष्टही हीच. अर्थ : चिकट स्राव, बुळबुळीत द्रव, जहर. हा योगायोग नव्हे, दोन्ही शब्द सख्खे आहेत. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला. संस्कृतात इ-उ या स्वरांपुढच्या ‘स’चा ‘ष’ झाला. त्यामुळे आपल्या ‘ष’समोर तिकडे ‘र’ उभा दिसतो. आपली सून म्हणजे स्नुषा, लॅटिनमध्ये ‘नुरुस’. उंदीर म्हणजे मूष, तिकडे ‘मूस’, आणि षष्ठीत ‘मूरिस’. उषस् म्हणजे पहाट, तिकडे ‘आउरोरा’. त्याच रांगेत विष आणि वीरुस. पहिल्या स्वराची लांबी वेगळी आहे, पण एकाच धातूच्या निरनिराळ्या अवस्थांत तेवढा फरक नेहमीच आढळतो. ग्रीकांनी आरंभीचा ‘व’ गमावला, मधला ‘स’ही गमावला, उरले ‘इओस’. आजच्या ग्रीकमध्ये व्हायरसला हाच शब्द आहे. आणि मराठीने ‘ष’चा ‘ख’ करून ‘विख’, ‘विखार’, ‘विखारी’ घडवले. ‘विखारी’ हा शब्द व्हायरसचा घरचा भाऊ आहे, हे कळल्यावर तो शब्द पूर्वीसारखा वाचता येत नाही.

व्युत्पत्तीत मात्र यास्काशी माझे जमत नाही. त्याने ‘वि’ उपसर्ग तोडून पुढे ‘स्ना’ लावला : न्हाऊ घालून शुद्ध करते ते विष. ‘वि’ खरोखर उपसर्ग असता तर लॅटिन आणि ग्रीक रूपांचा मेळ बसलाच नसता; तिथे हा एकसंध धातू आहे. ‘शरीरभर व्यापते ते विष’ ही टीकाकारांची आवडती फोड तर सरळसरळ जहराचा अर्थ आधी धरून मागून जोडलेली आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘विष्’ हा शिंपण्याच्या अर्थाचाही धातू आहे. हाताशी असलेला तो धातू सोडून व्याप्तीकडे का धावायचे, हे मला पटत नाही. ओतणे, झरणे, पाझरणे हाच मूळ अर्थ. साप दंश करताना दातातून जे झरते त्याला विष म्हटले ते या अर्थाने, ‘जहर’ ही छटा नंतरची.

आता हे विज्ञानाशी ताडून पाहा. १८९२ मध्ये दिमित्री इवानोवस्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस शांबरलाँच्या बिनझिलईच्या चिनीमातीच्या गाळणीतून काढला. जीवाणू अडवणारी ही गाळणी, तरी गाळलेला रस रोग देतच राहिला. १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंकने तोच रस अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) थरावर ठेवला, तर रोगकारक वस्तू थरात आत मुरत गेली. घन कण मुरत नाहीत असे समजून त्याने तिला ‘सजीव संसर्गी द्रव’ म्हटले आणि ‘व्हायरस’ हा जुना शब्द तिच्यासाठी वापरला. निष्कर्ष चुकला, कारण तंबाखूचा हा विषाणू जेमतेम १८ नॅनोमीटर जाडीची, ३०० नॅनोमीटर लांबीची काडी असते आणि एवढी बारीक काडी अगारमध्ये सहज सरकते. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीने त्याचे सुईसारखे स्फटिक केले. द्रवाचा दावा तिथे संपला. स्टॅन्लीला ते निव्वळ प्रथिन वाटले होते. पुढच्याच वर्षी बॉडेन आणि पिरी यांना त्यात आरएनए सापडले, वजनाने साधारण ६ टक्के.

म्हणून म्हणतो, ‘विषाणू’ हा ‘व्हायरस’पेक्षा सरस शब्द आहे. ‘व्हायरस’ बायेरिंकच्या द्रवापाशी थांबला. आपल्या शब्दात ‘विष’ म्हणजे बायेरिंकचा द्रव आणि ‘अणू’ म्हणजे स्टॅन्लीचा कण, दोन्ही एका समासात आले आहेत. हा शब्द यांत्रिक भाषांतर आहे असे म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी त्याचे दोन्ही अवयव एकदा सुटे करून पाहावेत.

‘अणू’चा अर्थ इथे फक्त ‘अतिशय बारीक’ एवढाच आहे. रसायनशास्त्रातल्या अणूशी गल्लत नको, कारण एका विषाणूत असे अणू लाखांनी असतात. पोलिओच्या विषाणूचे तर रासायनिक सूत्रच १९९१ मध्ये मांडले गेले : कार्बन ३,३२,६५२, हायड्रोजन ४,९२,३८८, नायट्रोजन ९८,२४५, ऑक्सिजन १,३१,१९६, फॉस्फरस ७,५०१, गंधक २,३४०. यातला फॉस्फरस पाहण्यासारखा आहे. आरएनएच्या प्रत्येक अक्षरामागे फॉस्फरसचा एक अणू असतो. पोलिओचा सगळा मजकूर साडेसात हजार अक्षरांचा आहे, ते या आकड्यातच दिसते. विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलीमीटरच्या रेषेत तेहतीस हजार मावतील.

आणि खरे जहर करणारे कोण, तर जीवाणू : धनुर्वाताचा, घटसर्पाचा. त्यातही घटसर्पाच्या जीवाणूला ते जहर करता येते ते त्याच्या अंगात एक विषाणू शिरून बसलेला असेल तरच, कारण जहराचे जनुक त्या विषाणूचे आहे.

राहिला ‘मेला’चा प्रश्न. पेशीबाहेरचा विषाणुकण खात नाही, वाढत नाही, दुभंगत नाही. पेशीत शिरल्यावर तो सुटा होतो, पेशीकडून आपले भाग बनवून घेतो आणि त्या भागांची जुळणी होऊन नवे कण बाहेर पडतात. म्हणून ‘विषाणूंचे विभाजन होते’ हेही चूक. ‘विषाणूंची संख्या वाढते’ म्हणावे. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, अतिनील किरणांनी मजकूर बिघडतो, फॉर्मॅलिन या रसायनाने दोन्ही जखडतात. तिन्ही प्रकारांत संसर्ग करण्याची क्षमता जाते, तेव्हा ‘निष्क्रिय झाला’ हेच नेमके. बोलताना ‘मेला’ चालेल. लशीच्या माहितीपत्रकात ते नको, कारण तिथे कण जागेवर असतो, त्याचा आकार प्रतिकारयंत्रणेला ओळखता यावा एवढा शाबूत ठेवलेला असतो. फॉर्मॅलिन जास्त झाले तर नेमका तो आकारच बिघडतो.

लिहिताना : विषाणू, विषाणूचा, विषाणूंमुळे यांत ‘णू’ दीर्घ, समासात पहिले पद असेल तर ऱ्हस्व, म्हणजे विषाणुजन्य, विषाणुकण, विषाणुशास्त्र.