सोलापूरहून राजगडला एका मुक्कामाचा ट्रेक आहे. उंची ५ फूट १ इंच. हलकी, न काचणारी सॅक कोणती घ्यावी?

३० ते ३५ लिटरची, रिकामी असताना किलोभराच्या आसपास भरणारी आणि आखूड पाठीची लेडीज सॅक घ्या. उंचीवर जाऊ नका, पाठ मोजा: मान वाकवल्यावर तळाशी जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. लेडीज सॅकचे पट्टे अरुंद आणि वळणदार असतात, म्हणून छातीवर दाबत नाहीत, काखेत घासत नाहीत. दुकानात रिकामी सॅक अडकवून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. घरून एक सोलापुरी चादर आणि लिटरच्या भरलेल्या चार बाटल्या न्या, सॅक भरा. आधी कमरपट्टा हाडांवर आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, दहा-पंधरा मिनिटं जिना चढा-उतरा. पट्टा आणि खांद्यामागची पाठ यांत फट राहिली तर सॅक लांब आहे; कमरपट्टा पोटावर चढला तर आखूड. पाठीला ताणलेली जाळी असेल तर घाम कमी येतो, पण तीच सॅक जरा जड होते आणि ओझं मागे ओढतं. माप जुळत असेल तर पुरुषांची लहान साइजही चालेल, फक्त छातीचा पट्टा वर-खाली सरकतो ना, ते बघा.