जास्त डीएनए म्हणजे जास्त अक्कल?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, ॲक्सोलॉटल नावाच्या सॅलॅमँडरच्या पेशीत माणसाच्या दसपट डीएनए असतो आणि झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्याच्या पेशीत माणसाच्या निम्म्याहूनही कमी. मग पाण्याच्या तळाशी बसणारा प्राणी पक्ष्याहून प्रगत समजायचा का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, लेकीचे आकडे बरोबर आहेत. ॲक्सोलॉटलचा डीएनए सुमारे 32 अब्ज अक्षरांचा, झेब्रा फिंचचा 1.2 अब्ज, आपला तीन अब्जांच्या थोडा वर. जनुकं मात्र तिघांचीही वीस हजारांच्या आगेमागेच. मग बाकी सगळं काय? बरंचसं म्हणजे स्वतःच्या नकला काढून मिळेल तिथे घुसणारे तुकडे. आमच्या घरच्या माळ्यासारखं बघा : कामाची भांडी मोजकी, बाकी श्रीखंडाचे रिकामे डबे.

पण एवढं सामान ठेवायचं तर पेशीही ऐसपैस लागते. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा बेडकाच्या आणि कबुतराच्या रक्ताच्या स्लाइड मी मुद्दाम एकापाठोपाठ एक दाखवायचो. दोन्हींच्या तांबड्या पेशी लंबगोल, मधोमध केंद्रक. पण बेडकाची पेशी कबुतराच्या जवळपास दुप्पट लांब. सॅलॅमँडरच्या पेशी त्याहूनही मोठ्या. लहान पेशीला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, त्यामुळे प्राणवायूची देवघेव झटपट होते. बारा-तेरा ग्रॅमच्या फिंचला उडायचं असतं, त्याला माळा भरून ठेवणं परवडत नाही, असं बरेच अभ्यासक मानतात. ॲक्सोलॉटलला कसली घाई? मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत तो जन्मभर बाहेरचे कल्ले मिरवत राहतो. पाय तुटला तर नवा उगवतो, हाडासकट!

फिंचच्या नराला हे जमत नाही. तो लहानपणी बापाचं गाणं ऐकून ऐकून घोटवतो. यातलं प्रगत कोणतं, ते मला विचाराल तर मी गाण्याच्या बाजूने, पण ती माझी आवड झाली, विज्ञान नव्हे.

आणि मुलीने प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक चेपून पाहिलंच असेल. त्या कांद्याचा डीएनए 16 अब्ज अक्षरांचा, आपल्या पाचपट! गुणसूत्रं मात्र सोळाच, त्यामुळे एकेक चांगलं जाडजूड. आम्हा मास्तरांचा कांद्यावर एवढा जीव का, तर स्वस्त आहे म्हणून आणि मागच्या बाकावरच्यालाही गुणसूत्रं दिसतात म्हणून.