वाचकांचे प्रश्न : ट्राउट नदीच्या कोणत्या टप्प्यात मिळतो?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र लहानपणापासून पंचगंगेत आणि भोगावतीत गळ टाकत आलो आहोत. मरळ, वांब, शिंगटा, चिलापी हे आमच्या ओळखीचे मासे. येत्या मे महिन्यात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाण्याचा आमचा विचार आहे. कोणी सांगतो बंजारजवळ उतरा, कोणी म्हणतो गुशैनीच्याही वर जा. नदीच्या कोणत्या टप्प्यात मुक्काम करावा, आणि आमची गांडुळाची पद्धत तिथे चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ट्राउटविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत काठी कोणती घ्यावी आणि आमिष कोणते लावावे एवढेच विचारलेले असते. आपण टप्प्याविषयी विचारलेत, आणि या माशाच्या बाबतीत खरा प्रश्न तोच आहे. त्याला गार पाणी लागते. साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानात तो सुखाने चरतो, वीस अंशांच्या पुढे त्याचे चित्त खाण्यावर राहत नाही, आणि पाणी पंचविशीच्या आसपास टिकून राहिले तर तो जगणे कठीण. याचे एक मोठे कारण प्राणवायू हे आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर २८ अंशांच्या पाण्यात तो आठाच्याही खाली येतो. आणि पाणी तापते तसतशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. म्हणून सामानात एक साधा तापमापक अवश्य ठेवावा आणि काठी जोडण्यापूर्वी तो पाण्यात बुडवून पाहावा.

तीर्थन वरच्या हिमशिखरांतून उतरते, गुशैनीला तिला फलाचन मिळते, पुढे बंजारवरून वाहत ती लारजीजवळ सैंजला आणि बियासला भेटते. लारजी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेनऊशे मीटरवर, तर गुशैनी सोळाशेच्या आसपास आहे. बंजारच्या खालच्या टप्प्यात, उन्हाळ्यात तरी, आपण वेळ घालवू नये. तिथले पाणी तुलनेने उबदार असते आणि ट्राउटपेक्षा असला नावाचा स्थानिक मासाच गळाला अधिक लागतो. गुशैनीच्या वर नदी अरुंद, वेगवान आणि फार गार आहे, मासे आकाराने लहान आहेत, आणि पुढे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. त्या हद्दीत गळ टाकण्याचा विचारही करू नये. आपल्यासाठी योग्य टप्पा बंजार ते गुशैनी हाच. नागिणीचे सरकारी ट्राउट केंद्रही याच पट्ट्यात आहे.

पण टप्पा ठरला म्हणजे मासा ठरला असे नव्हे. आपण घाटावर बसून बूच बुडण्याची वाट पाहणारी माणसे आहोत. डोहाशी आपले जन्माचे नाते आहे. ट्राउट डोहात विसावतो खरा, पण चरायला तो बहुधा खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी येतो. पाण्यात एखादा मोठा धोंडा असेल तर त्याच्यामागे प्रवाह मंदावतो. तिथे वरच्या अंगाला तोंड करून, फारशी शक्ती न खर्चता तो स्थिर राहतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे किडे टिपतो. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये जी शिवण दिसते, तिच्यावर आपला गळ वाहत गेला पाहिजे. गुडघाभर पाण्यातला एखादा गोटा उलटून पाहा. खालच्या बाजूला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी नळी दिसेल आणि तिच्या तोंडातून सहा पायांची अळी डोकावेल. ही कॅडिस माशीची अळी. ज्या गोट्यांखाली अशी वस्ती दाट, तिथे मासा आहे असे खुशाल समजावे. गोटा मात्र होता तसाच परत ठेवावा.

चालावे नेहमी खालून वर, कारण मासा वर तोंड करून असतो. पाण्याखालून त्याला वरचे सगळे जग एका गोल झरोक्यातून दिसते आणि काठावरचा उभा माणूस त्या झरोक्याच्या कडेला येतो. मी पहिल्यांदा तीर्थनवर गेलो तेव्हा एका सपाट खडकावर ताठ उभा राहिलो होतो. माझी सावली पाण्यावर पडली आणि समोर स्पष्ट दिसणारे तीन मासे पापणी लवायच्या आत नाहीसे झाले. त्या खडकावर मी नंतर तासभर थांबलो, एकही परतला नाही. तेव्हापासून मी वाकून जातो आणि सूर्य समोर ठेवतो.

गांडुळाविषयी सांगायचे तर ते घरी ठेवावे. गांडूळ मासा खोल गिळतो, गळ घशात रुततो आणि सोडलेला मासाही मरतो. पिसांची कृत्रिम माशी किंवा लहान स्पिनर (पाण्यात ओढताना गरगर फिरणारे धातूच्या पात्याचे आमिष) वापरावा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. सोडायच्या माशाला हात ओले करूनच धरावे, नाहीतर त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये, आणि माशांची संख्या व लांबी यांचे नियम परवाना घेतानाच विचारून घ्यावेत.

मे महिन्याचा एक तोटा आहे. दुपारी वरचे बर्फ वितळते, पाणी चढते आणि गढूळ होते. तेव्हा पहाट गाठावी. सवड असेल तर पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात जावे, पाणी आरशासारखे असते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मात्र तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, आणि ते अगदी योग्य आहे. त्या थंडीत मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून अंडी घालते. १० अंशांच्या पाण्यातही ती उबायला सुमारे सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहावे लागते. उथळ खडीवरून चालत गेलेला एक बूट शेकडो अंडी चिरडू शकतो.

प्रश्न : राधानगरीच्या जलाशयात ट्राउट सोडता येणार नाही का? काश्मीर आणि निलगिरीतही तो बाहेरूनच आणला ना?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : बाहेरूनच आणला. काश्मिरात तो १९०० मध्ये ब्रिटनमधून आला, कुलूत १९०९ च्या सुमारास, आणि निलगिरीत १९०७ मध्ये अव्हलांची येथे उबवणी केंद्र सुरू झाले. पण निलगिरीचे ते पठार सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच असलेले कळसूबाईचे शिखरसुद्धा १६४६ मीटर, आणि राधानगरीजवळचे दाजीपूर त्याच्याही पुष्कळ खाली. राधानगरीचा जलाशय भोगावतीवरचा, आणि उन्हाळ्यात तिचे पाणी ट्राउटला सोसणार नाही. सोडलेली पिले पहिल्या एप्रिल-मेमध्येच मरतील. शिवाय परका शिकारी मासा सोडण्याचा मोह धरूच नये. आपल्या नद्यांचा मानाचा मासा खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते मुळा-मुठेच्या पाण्यातील माशावरून. त्यालाही वाहते, स्वच्छ पाणी आणि खडीचा तळ लागतो. पिले सोडायचीच असतील तर मत्स्य विभागाकडे खडशीची मागणी करावी, आणि त्याआधी नदीतला वाळूउपसा व सांडपाणी थांबवण्यासाठी ग्रामसभेत बोलावे.

प्रश्न : उत्तराखंडात आम्हाला ‘स्नो ट्राउट’ म्हणून मासा वाढला. तो खरा ट्राउट होता का?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : नाही. तो वर उल्लेखिलेला ‘असला’ नावाचा मासा, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातला, हिमालयाचा मूळ रहिवासी. चवीला तो उत्तम आहे, काटे मात्र अधिक. पुढच्या वेळी शिजवण्यापूर्वी मासा पाहायला मागा : ट्राउटच्या पाठीवर, मुख्य पर आणि शेपूट यांच्या मध्ये, एक छोटा मांसल पर असतो, असल्याला तो नसतो, त्याचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असते आणि ओठांपाशी बारीक मिशा असतात.