कलमी गुलाब ‘गावठी’ झाला?

प्रश्न : देखभालीला फारसा वेळ नाही. कोणता गुलाब लावावा? (ठाणे)
उत्तर : साधा गुलाबी देशी गुलाब किंवा १९५८ सालचा ‘आइसबर्ग’ हा पांढरा जर्मन वाण लावावा. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर गुलाबाचा हट्ट सोडावा.

प्रश्न : छाटणी कधी करावी? (सातारा)
उत्तर : पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आणलेल्या कलमाला केशरी फुले येत, आता लांबलचक फांद्यांवर लहान गुलाबी फुले येतात. सात पानांची फांदी जंगली असते, ती कापा, असे शेजारी सांगतात. झाड गावठी झाले का? (नाशिक)
उत्तर : नाही. केशरी गुलाबाचा डोळा (फांदीवरचा अंकुर) ज्या काटक गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह बुंध्यावर, भरला होता, तो खुंटच फुटून वर आला आहे आणि वरच्या कलमाची उपासमार झाली आहे. हाच प्रश्न वारंवार येतो आणि प्रत्येक पत्रात ती सात पाने असतातच. पाने मोजणे कृपया थांबवावे. झुडूपवर्गातील कित्येक चांगल्या वाणांना मुळातच सात पर्णिका, म्हणजे एका देठावर सात छोटी पाने, असतात आणि या ऐकीव नियमापायी लोक नवे, जोमदार फुटवे छाटून टाकतात. बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला सारून कलमाची गाठ, म्हणजे डोळा भरल्याची फुगीर जागा, शोधावी. गाठीच्या खालून निघालेली फांदी खुंटाची, वरून निघालेली आपली. खुंटाची फांदी कात्रीने कापल्यास बुडाशी उरलेले डोळे पुन्हा फुटतात, म्हणून ती उगमापाशी धरून खाली ओढून काढावी. हे काम पहिला फुटवा दिसताच करायचे असते. आता उशीर झाला आहे, तेव्हा गाठीवर जिवंत हिरवी फांदी उरली आहे का, हे उद्यानविद्येच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय काही उपटू नये. नवे रोप घेताना छाट कलमाचे, म्हणजे स्वतःच्या मुळांवर वाढलेले मागावे. ‘सगळी सारखीच असतात’ असे विक्रेता म्हणाला, तर दुसरी रोपवाटिका गाठावी.

प्रश्न : निळ्या गुलाबाचे बी ऑनलाइन मागवले आहे. कसे पेरावे? (कोल्हापूर)
उत्तर : पैसे परत मिळतात का, ते आधी पाहावे. गुलाबाच्या पाकळीत निळाईचे रंगद्रव्य निसर्गतः नसतेच. जपानमध्ये २००९ साली विक्रीस आलेले जनुकबदल केलेले फूलही जांभळटच आहे. शिवाय बियांपासून वाण जसाच्या तसा उतरत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडून पाने पिवळी होतात, गळतात. महिनाभर हळदीचे पाणी फवारत आहे. (रत्नागिरी)
उत्तर : लक्षणे काळ्या ठिपक्यांच्या बुरशीची दिसतात. पान सलग कित्येक तास ओले राहिले की ती रुजते आणि आपण पाने आणखी भिजवत आहात. उघडीप असताना पाणी सकाळी बुंध्याशीच घालावे. गळलेली पाने वेचून टाकावीत, खतात मिसळू नयेत. पान न पाहता औषधाचे नाव सांगणे योग्य नाही. डाग पडलेली दोन-चार पाने घेऊन याच आठवड्यात जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.