पाणी कुठवर येतं?

प्रिय मुली,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला आणि चहा तसाच निवून गेला. खाडीकडच्या खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या दलदलीवर, टॉवर येणार म्हणून सोसायट्यांची बैठक झाली. कुणी पार्किंगचं काढलं, कुणी पाण्याच्या प्रेशरचं, कुणी फ्लेमिंगोंचा व्हिडिओ दाखवला. मग तुझे बाबा म्हणाले, "आपली बिल्डिंग तरी कशावर उभी आहे? भरावावरच ना? लोकांना घरं नकोत का?" तू गप्प बसलीस आणि घरी येऊन मला विचारलंस, "बाई, आपल्याला बोलायचा हक्क आहे का?"

हक्काचं नंतर बघू. आधी सांग, बैठकीला आलेल्यांपैकी खाजणात कोण जाऊन आलं होतं? पाणी कुठवर येतं, हे एकाने तरी सांगितलं का?

सातवीत तुमच्या वर्गाला मी बांधावर नेलं होतं. निवट्या मासे चिखलावर उड्या मारताना बघून तू किंचाळली होतीस. दर वर्षी एक वर्ग मी तिथे नेत असे, भरती-ओहोटी फळ्यावर शिकवायला मला आवडायचं नाही. आणि तरीही वेळ आली तेव्हा मी हरले. ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

शाळेमागे तेव्हा असाच एक तुकडा होता. तिवरं, मधे उघडा चिखल, उधाणाला गुडघाभर पाणी. नव्वदच्या दशकात तिथे इमारती यायचं ठरलं. आम्ही रहिवाशांनी तीन पानी पत्र लिहिलं. त्यात रस्ता होता, बस होती, शाळेतली गर्दी होती, "बाहेरचे लोक" होते, आणि शेवटच्या परिच्छेदात खाडी. मीही सही केली. सुनावणीत समोरच्या अधिकाऱ्याने मलाच विचारलं, "तुम्ही भूगोल शिकवता ना? पाणी नेमकं कुठवर येतं?" मी हात लांब करून "तिथवर" म्हटलं. माझ्याकडे तारीख नव्हती, फोटो नव्हता, मोजमाप नव्हतं. इतकी वर्षं मुलांना ते पाणी दाखवलं, वहीत एकदाही लिहून ठेवलं नाही. आम्हाला रस्ता रुंद करून मिळाला. लोक खूश झाले. तिथल्या तळमजल्यावरची माणसं आजही पावसाळ्यात फ्रीज विटांवर चढवून ठेवतात.

म्हणून पुन्हा सांगते, पाणी कुठवर येतं ते बघ. ही काही नुसती भूगोलाच्या बाईची हौस नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत भरतीरेषेची व्याख्याच अशी आहे: उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर सर्वांत वर पोचतं, ती रेषा. नकाशावर ती अधिकृत संस्था आखते, ती तुझ्या-माझ्या म्हणण्याने हलत नाही. पण नकाशात कोरड्या दाखवलेल्या जागी पाणी उभं असल्याचा तारखेसकटचा फोटो असेल, तर उत्तर मागता येतं. कांदळवनाचंही, म्हणजे तिवरांच्या जंगलाचंही, तसंच. त्याच्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे. पण ५० मीटर कुठून मोजायचे? शेवटचं तिवर कुठे आहे, हे कुणीतरी चिखलात उतरून बघायला हवं ना?

आणि कुणी बोलवेल म्हणून थांबू नकोस. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा गृहप्रकल्पांना जनसुनावणीची सक्ती नाही. कागद परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी वेबसाइटवर, शोध. सर्व्हे नंबर काढ, लेखी दे, पोच घे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्यावर चिडू नकोस, ते खरं बोलले. आपण भरावावर राहतो, म्हणूनच भराव काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. पावसात आपले नाले खाडीत रिकामे होतात, आणि भरतीला खाडीच नाल्यात शिरते. त्या दोन-तीन तासांत पाणी थोपवून धरायला खाजण लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. आम्ही जिन्यात बसून रात्र काढली. लोकांना घरं हवीत, नक्की हवीत. मग ज्यांना तिथे घर मिळेल त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार की नाही, हे त्यांच्या वतीनेही विचारायला नको?

पार्किंग आणि व्ह्यू मात्र तू लेखी देशील त्या पत्रात घालू नकोस. पार्किंगवाले काका रागावतील, रागावू देत. माझ्या बाबतीत दुसऱ्यांदा अशीच वेळ आली तेव्हा पत्रात पुन्हा "बाहेरचे लोक" आले आणि मी सही नाकारली. तीस वर्षांची मैत्रीण माझ्याशी बोलायची थांबली. एकी मोडली असं सगळे म्हणाले. नुसत्या पाण्यावर लिहिलेलं माझं पत्र एकटंच गेलं आणि त्याचं काही झालं नाही. तरीही मी चुकले असं मला वाटत नाही. गरीब माणूस शेजारी नको म्हणून खाडी वाचवायची, हे मला तेव्हा जमलं नाही, आज तर नाहीच नाही. ती मैत्रीण गेल्या वर्षी वारली. मी तेव्हा तिच्या घरी जाऊन समजावायला हवं होतं, एवढी खंत आहे. तू काकांच्या घरी जा. पत्र बदलू नकोस, पण जा.

आणखी एक. खाजणात पाणी शिरतं त्या वाटा आधी बघ. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाट बुजली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला. वाट बुजवा, चिखल तडकू द्या, मग म्हणा की इथे पाणथळ नाहीच. उघाडीशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराशी, राडारोडा पडलाय का, पाइप बंद आहे का, त्याचे फोटो पहिल्या दिवशी काढ.

अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत मोठी भरती येते, आपल्याकडे दुपारी बारा-एकच्या सुमारास. रविवार जुळतोय. साडेअकराला बांधावर ये. चप्पल नको, चिखलात राहून जाते. पट्टीचे बूट घाल, तीस मीटरची टेप आण, आणि बाबा येत असतील तर त्यांनाही आण. माझे गुडघे उतरू देणार नाहीत. मी बांधावर वही घेऊन उभी राहीन, तू आकडे ओरडून सांग.

तुझी,
बाई